कोरड्या दुपारी वायपर

मी गाडी शिकले ती पंचेचाळिशी उलटल्यावर, आणि तीही बिबवेवाडीत. "इथं जो शिकला तो कुठंही चालवतो," असं आमचे ड्रायव्हिंग स्कूलचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले. ते स्वतः मात्र शिकवणी संपेपर्यंत आपल्या बाजूच्या ब्रेकवरून पाय उचलायला तयार नव्हते. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वळण, हा क्रम त्यांनी माझ्याकडून इतका घोटून घेतला की स्वयंपाकघरात ओट्याकडून फ्रीजकडे वळतानाही माझा उजवा हात इंडिकेटरची दांडी शोधत आपोआप किंचित खाली जायचा. घरात सगळे हसायचे. मी म्हणायचे, हसा, पण रस्त्यावर माझ्यामुळे कुणी दचकणार नाही.

लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा एकटी निघाले, तेव्हा चौकात उजवीकडे वळायचं होतं म्हणून बऱ्याच आधीपासून उजवा इंडिकेटर लावला. आरशात पाहिलं. मागे तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक मुलगी स्कूटरवर येत होती, तिचे फक्त डोळे दिसत होते. तिनं माझा इंडिकेटर पाहिला, मान थोडी खाली घातली, वेग वाढवला आणि मी वळायच्या आत माझ्या उजव्या बाजूनंच सुळकन पुढे निघून गेली. जाताना मागे वळून एक कटाक्षही टाकून गेली, जणू मीच तिच्या वाटेत आले होते. मला आधी वाटलं, तिला इंडिकेटर दिसला नसेल. मग हळूहळू लक्षात आलं की तो दिसला होता म्हणूनच ती घुसली. इंडिकेटर म्हणजे "मी वळतेय, जरा थांबा" असं माझ्या डोक्यात होतं. पुण्यात त्याचा अर्थ "मी वळायच्या आत निघून जा" असा होतो.

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला आता खूप वर्षं झाली, पण काही बाबतीत मी अजून नवीनच आहे. एकदा मार्केट यार्डापासून एक गृहस्थ माझ्या पुढे स्कूटरवर होते आणि त्यांचा डावा इंडिकेटर सारखा लुकलुकत होता. डावीकडे एकामागून एक रस्ते येऊन गेले, गृहस्थ काही वळेनात. मी त्यांच्या मागे दबकत दबकत चालवत होते, न जाणो आता वळतील. शेवटी सिग्नलला मी काच खाली करून म्हटलं, "अहो, तुमचा इंडिकेटर चालू राहिलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग इंडिकेटरकडे पाहिलं. "बॅटरी माझी आहे," ते म्हणाले.

अमरावतीला एखाद्याला असं सांगितलं असतं तर त्यानं "बरं झालं सांगितलं, ताई" म्हटलं असतं आणि वर मी कुठल्या गावची, कुठे चाललेय हेही विचारलं असतं. मी घरी येऊन हा प्रसंग चिडून सांगितला. माझे सासरे खुर्चीत पेपर वाचत होते. ते म्हणाले, "बरोबरच आहे त्याचं. बॅटरी त्याचीच होती."

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. जन्म सदाशिव पेठेतला. आमचं बिऱ्हाड बिबवेवाडीत हलवून एक पिढी उलटली, तरी कुणी विचारलं तर ते "सध्या तिकडे राहतो" असंच सांगतात. आयुष्यभर त्यांनी आधी सायकल आणि मग स्कूटर चालवली, आणि वळताना हात दाखवल्याशिवाय कधी वळले नाहीत. मोतीबिंदूच्या वेळी माझ्या नवऱ्यानं त्यांची स्कूटर गोड बोलून काढून घेतली आणि विकून टाकली. त्यावर ते बरेच दिवस कुणाशी बोलले नाहीत. पुढे डावा खांदा आखडला, हात वर जाईना, आणि दर गुरुवारी फिजिओथेरपीला जाणं आलं. बिबवेवाडीत फिजिओथेरपीचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत. पण बाबांना सदाशिव पेठेतलेच डॉक्टर हवे होते. नवरा हिंजवडीला कंपनीच्या बसनं जातो, गाडी दिवसभर खाली उभी असते. त्यामुळे दर गुरुवारी मी आणि बाबा निघायचो.

बाबांचा इंडिकेटरवर विश्वास नाही. "दिव्याला कोण विचारतं? माणूस माणसाच्या हाताला घाबरतो," असं म्हणून ते गाडीत बसल्या बसल्या डावीकडची काच खाली करायचे. एसी लावायची सोय नाही. मी डावीकडे वळणार म्हटलं की ते आपला डावा हात बाहेर काढून खालीवर हलवायचे. खांदा आखडलेला, त्यामुळे हात खांद्याच्या रेषेत कधी पोचायचा नाही. लोकांना वाटायचं की म्हातारे गृहस्थ चालत्या गाडीतून दाराला हात लावून काहीतरी चाचपडताहेत. पण गंमत म्हणजे लोक थांबायचे. माझ्या इंडिकेटरला भीक न घालणारे रिक्षावालेसुद्धा तो हात पाहून वेग कमी करायचे. उजवीकडे वळायचं असलं की मात्र बाबांची पंचाईत व्हायची. ते मला म्हणायचे, "अगं, हात काढ बाहेर!" मी म्हणायचे, "बाबा, हात स्टिअरिंगवर आहे." मग ते सीटवरच अस्वस्थ व्हायचे आणि डावा हातच बाहेर काढून डावीकडच्या लोकांना "तुम्ही थांबा" अशी खूण करायचे. त्या बिचाऱ्यांचा आमच्या वळण्याशी काही संबंध नसायचा.

त्या गुरुवारी ऑक्टोबरचं ऊन होतं. टिळक रस्त्यावरून आम्हाला उजवीकडच्या एका गल्लीत शिरायचं होतं, तिच्या दुसऱ्या टोकाला बाबांच्या डॉक्टरांचा दवाखाना. मी नेहमीप्रमाणे आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, माझ्या उजवीकडून घुसायचे तेवढे सगळे घुसून गेल्यावर सावकाश वळले. गल्ली अरुंदच, त्यात दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या. एका बाजूला स्पर्धा परीक्षांच्या मुलांची अभ्यासिका आहे, तिच्यासमोर तर त्या इतक्या दाटीनं लावलेल्या असतात की मधलीच एखादी कशी काढत असतील कोण जाणे. एक गाडी जेमतेम जाते.

आम्ही निम्म्यात आलो आणि समोरच्या आडव्या बोळाच्या तोंडाशी एक भलीमोठी पांढरी गाडी नाक बाहेर काढून उभी राहिलेली दिसली. मी थबकले. ती कुठे जाणार हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. इंडिकेटर कुठलाच लागलेला नव्हता. फक्त तिच्या काचेवर वायपर हलत होता. एवढ्या कडक उन्हात, कोरड्या काचेवर, कचाकचा कचाकचा.

"काच पुसतोय," मी म्हटलं. "इंडिकेटर नाही, म्हणजे सरळ समोरच्या बोळात जाणार."

"जाऊ दे त्याला आधी," बाबा म्हणाले.

पण तो जाईना. त्यामुळे आपल्याला वाट देतोय असं समजून मी पुढे झाले. तेवढ्यात ती गाडी डावीकडे वळून थेट आमच्यासमोर आली. दोघांनी करकचून ब्रेक दाबले. आता आमचं बॉनेट आणि त्याचं बॉनेट यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन जेमतेम निघाला असता.

त्यानं हॉर्न वाजवला. मीही वाजवला. त्यानं भर उन्हात दिवे उघडझाप केले. मीही केले. मग त्यानं काचेआडून हातानं "मागे घ्या" अशी खूण केली. मी तीच खूण त्याला केली. आमचं म्हणणं न्यायाचं होतं. त्याला फक्त एक गाडीभर मागे जाऊन बोळात शिरायचं होतं. मला मागे जायचं तर निम्मी गल्ली उलटी पार करून टिळक रस्त्याच्या रहदारीत पाठमोरं उतरावं लागलं असतं.

"एक इंच मागे घेऊ नकोस," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. स्कूटर गेल्यापासून ते इतके ताजेतवाने मी पाहिले नव्हते. "इंडिकेटर न देता वळला. चूक त्याची. तत्त्वाचा प्रश्न आहे."

मी तत्त्वाला लगेच संमती दिली. खरी गोष्ट वेगळी होती. मला रिव्हर्स येत नव्हता. परीक्षेच्या मैदानावर तो कसाबसा जमला होता. पण घरी आल्यावर पार्किंगमधल्या खांबाशी एकदा गाठ पडली आणि त्यानंतर मी रिव्हर्सचा नादच सोडला. नवरा रोज रात्री गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला करून ठेवायचा, म्हणजे सकाळी मला फक्त पुढे जावं लागायचं. हे बाबांना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, सून ताठ कण्याची आहे.

समोरच्या गाडीची काच खाली झाली. साठीचा, पांढरा शर्ट घातलेला, गळ्यात माळ असलेला एक रुंद चेहऱ्याचा माणूस डोकं बाहेर काढून म्हणाला, "अवो ताई, घ्या की जरा मागं!"

"तुम्ही घ्या. तुम्हाला एवढंसंच जायचंय."

"तुमची ल्हान गाडी हाय, पटकन जाईल."

"लहान गाडीला रिव्हर्स गिअर लहान नसतो," बाबा आतूनच म्हणाले, पण त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं नसावं. त्यांनी दार उघडलं, दोन दुचाक्यांच्या मधून अंग चोरून बाहेर पडले आणि चालत त्या गाडीपाशी गेले. मी काच पूर्ण खाली केली. मला एकही शब्द चुकवायचा नव्हता.

"नमस्कार," बाबा म्हणाले. "आपण वळताना इंडिकेटर दिला होतात का?"

"दिला व्हता की."

"कोणता?"

"डावा."

"माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे," बाबा म्हणाले. "त्यामुळे मला आता आपल्यापेक्षा स्पष्ट दिसतं. इंडिकेटर लागलेला नव्हता."

"आजोबा, माळकरी मानूस हाय मी. खोटं कशापायी बोलू? ह्या हातानं दिला."

"मग आता पुन्हा देऊन दाखवा."

त्या माणसानं अतिशय आत्मविश्वासानं स्टिअरिंगच्या उजवीकडची दांडी हलवली. काचेवर वायपर उठला आणि कचाकचा फिरायला लागला.

वायपर तेवढा फिरत होता. आमच्या शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या, त्या हे सगळं मघापासून बघत असणार. त्या वरून म्हणाल्या, "आता पाऊस पाडायला सांगा त्यांना."

माणूस गोंधळला. त्यानं दांडी परत खाली केली, वर केली, मग स्वतःकडे ओढली. त्याबरोबर बॉनेटवरून पाण्याची दोन कारंजी उडाली. निम्मं पाणी काचेवर गेलं आणि उरलेलं, वाऱ्यानं की नेमानं कोण जाणे, बाबांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि परत घातला.

"हा आपला डावा इंडिकेटर," ते म्हणाले. "उजवा पाहण्याची माझी इच्छा नाही."

त्या माणसाचा चेहरा पडला. तो गाडीतून खाली उतरला आणि आपल्याच गाडीकडे असं बघायला लागला जसं काही तिनं त्याला फसवलं होतं. मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मीही खाली उतरले. गाडी त्याची नव्हती, मुलाची होती. त्याचं गाव आता शहरात आलेलं, शेताच्या जागी इमारती उभ्या राहिलेल्या. त्याची स्वतःची जुनी जीप होती, तिला इंडिकेटर उजव्या हाताला होता. मुलानं ही नवी परदेशी धाटणीची गाडी घेतली आणि जीप काढून टाकली. "नवीन गाडीत बसा, दादा, मान वाढतो," असं म्हणाला, पण ती कशी चालवायची ते काही शेजारी बसून सांगितलं नाही.

"म्हंजे मी इतके दिवस वळताना..." तो म्हणाला.

"वायपर देत होतात," बाबा म्हणाले.

"तरीच! समदी मानसं हॉर्न मारत्यात, शिव्या देत्यात. मला वाटलं, पुन्याची मानसंच तसली हायती."

"तीही आहेत," गॅलरीतून आवाज आला.

आता खरं म्हणजे प्रश्न सुटायला हरकत नव्हती. चूक कबूल झाली होती. बाबा मोठ्या मनानं म्हणाले, "ठीक आहे. होतं असं. आता आपण गाडी थोडी मागे घ्या, म्हणजे आम्ही जातो."

माणूस मान खाली घालून उभा राहिला. "तीच तर अडचन हाय," तो म्हणाला. "मागं घ्यायला लागलं की ती आतून पीं पीं करती. पडद्यावर लाल लाल रेघा येत्यात. माझ्या छातीत धडधडतं. मागं म्हनून घेत न्हाई मी हिला. पोरगं लावून देतं सकाळी, म्या फकस्त पुढं जातो."

मला त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की मी तिथल्या तिथे म्हणून टाकलं, "दादा, मलाही येत नाही."

"काय?" बाबा म्हणाले.

"रिव्हर्स. मलाही रिव्हर्स येत नाही, बाबा."

बाबांनी ओल्या सदऱ्यानिशी माझ्याकडे बघितलं. मग त्या माणसाकडे बघितलं. "म्हणजे मी एवढा वेळ," ते सावकाश म्हणाले, "कशासाठी भांडत होतो?"

"तत्त्वासाठी, बाबा. तत्त्व आहेच."

"राहणारच असाल," गॅलरीतल्या बाई म्हणाल्या, "तर आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं. बादल्या आधी भरून ठेवाव्या लागतात."

एव्हाना माझ्या मागे एक टेम्पो येऊन थांबला होता आणि त्याच्या मागे आणखी दोन गाड्या. त्या माणसाच्या मागेही दुचाक्यांची रांग लागली होती. आता रिव्हर्स येत असता तरी कुणालाच मागे जाता आलं नसतं, आणि खरं सांगते, त्यामुळे मला फार हलकं वाटलं. हॉर्नचा मात्र कल्लोळ सुरू झाला. टेम्पोवाला एक हात हॉर्नवरच ठेवून दुसऱ्या हातानं मोबाइल बघत होता. एक स्कूटरवाला आमच्या दोन बॉनेटच्या मधून जायचा प्रयत्न करत होता. त्याची स्कूटर अडकली, तेव्हा तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, बघून लावत जा ना गाडी!"

हॉर्नच्या आवाजानं अभ्यासिकेतली मुलं बाहेर आली. डोळ्यांना ऊन सहन होत नसल्यासारखी ती दारात डोळे चोळत उभी राहिली. एकानं विचारलं, "काऊन थांबले बाप्पा सारे?"

आमच्या वऱ्हाडातलं ते "काऊन" कानावर पडल्याबरोबर मी वळले. "तुम्ही कुठले रे?" मी विचारलं. कोणी अकोल्याचा, कोणी दर्यापूरचा, एक तर आमच्या अमरावतीचाच निघाला. पुण्यात त्या गर्दीत, त्या हॉर्नच्या गोंगाटात मी त्याला त्याचं कॉलेज विचारलं आणि त्यानं ते सांगितलं. टेम्पोवाल्यानं हॉर्न आणखी जोरात दाबला.

"काकू, तुम्ही बसा गाडीत," तो अमरावतीचा म्हणाला. "आमच्याच गाड्या हायेत ह्या. आम्ही बाजूला घेतो."

त्यांनी एका बाजूच्या दुचाक्या उचलून, ढकलून, एकमेकींवर रेलवून इमारतीच्या आवारात भरायला सुरुवात केली. गॅलरीतल्या बाईंनी "फाटकासमोर नको" असं दोनदा सांगितलं आणि मग कुणी ऐकत नाही म्हटल्यावर कपडे तिथेच टाकून खाली येऊन स्वतः फाटक उघडून धरलं. जागा झाली, टेम्पो आणि त्याच्या मागच्या गाड्याही एका कडेला सरकल्या, पण दोन गाड्या एकमेकींच्या अंगाला घासूनच जाणार होत्या. तिथे बाबांनी ताबा घेतला. ते दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभे राहिले. आरसे आत वळवायला लावले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. एका हातानं त्याला "या, या, या" आणि दुसऱ्या हातानं मला "थांब, थांब, आता ये". स्टिअरिंग किती वळवायचं ते ते बोटांनी हवेत गोल काढून दाखवत होते. फळ्यावर वर्तुळ काढणारा माणूस तो, त्याचं वर्तुळ आम्हाला दोघांनाही लगेच समजलं. मी गाडी सूतभर पुढे न्यायची, तो सूतभर पुढे यायचा. घाम माझ्या हनुवटीवरून टपकत होता. समोरचा माणूस ओठ हलवत होता, बहुधा देवाचं नाव घेत होता.

मध्यावर आलो तेव्हा आमच्या खिडक्या अगदी समोरासमोर आल्या. हात लांब केला असता तर मला त्याचं स्टिअरिंग धरता आलं असतं. बाबांनी हात दाखवून आम्हाला थांबवलं, कारण पुढे अजून एक स्कूटर हलवायची होती. तेवढ्या वेळात तो माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, मग खरा इंडिकेटर कुठं असंल वो?"

मी त्याच्या गाडीत डोकावले. "डावीकडची दांडी बघा. त्या टोकावर बाण काढलेत."

त्यानं डावी दांडी हलवली. टिक टिक टिक टिक असा आवाज आला आणि समोर हिरवा बाण लुकलुकायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. त्यानं उजवा लावून पाहिला. परत डावा लावला. "आयला, हितं व्हता व्हय!" तो म्हणाला, आणि मग बाबांकडे बघून ओरडून सांगितलं, "आजोबा, घावला!"

"अभिनंदन," बाबा म्हणाले. "आता पुढे चला."

तो गेला. डावा इंडिकेटर तसाच चालू ठेवून, गल्लीतून सरळ, मुलांना हात जोडत, आणि टिळक रस्त्यावर पोचल्यावर उजवीकडे वळला. मी उजवा आरसा परत उघडून त्यातून बघत होते. बाबांना मी ते सांगितलं नाही.

दवाखान्यात आम्ही इतके उशिरा पोचलो की डॉक्टरबाई पुढच्या पेशंटकडे लागल्या होत्या. बाबांचा ओला सदरा बघून त्यांनी विचारलं, "बाहेर पाऊस आहे का?"

"स्थानिक स्वरूपाचा," बाबा म्हणाले.

त्यांनी बाबांना डावा हात वर करायला सांगितला, तर तो कानापर्यंत गेला. डॉक्टरबाई खूश झाल्या. आपल्या व्यायामानं फरक पडला असं त्यांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं, आणि तोच व्यायाम रोज न चुकता करायला सांगितला. बाबांनी होकार दिला. रोज तसा व्यायाम करायचा तर आम्हाला रोज कुणाच्या तरी गाडीसमोर जाऊन उभं राहावं लागलं असतं.

रविवारी मी नवऱ्याला सांगितलं की मला रिव्हर्स शिकव. त्यानं मोबाइलवरून नजर न काढता "शिकवतो" म्हटलं. बाबा मात्र लगेच चप्पल घालून खाली आले. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी चारचाकी चालवली नव्हती, पण पार्किंगमध्ये माझ्या मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास!" हे त्यांनी असं केलं की वॉचमनही शिकायला उभा राहिला. खांबाला मी एकदा परत भेटले. पण हळूहळू जमायला लागलं. आता इंडिकेटर देऊन, आरशात पाहून मी सावकाश मागे जाऊ शकते. वेग फार नाही. मागे बसलेल्या माणसाला वाटतं गाडी उभीच आहे.

परवाच आम्ही नारायण पेठेत बाबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो होतो. येताना गल्लीत समोरून एक गाडी आली. आत एकटाच तरुण, कानात इअरफोन. वाट आमची होती, तो एका बाजूला थांबू शकला असता, पण तो थांबला नाही, सरळ पुढ्यात येऊन उभा राहिला आणि बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरला. बाबा काच खाली करून भाषणाच्या तयारीत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला, गिअर टाकला आणि मागे निघाले. डावीकडे रिक्षा, उजवीकडे फुलांची टोपली, मागे एक कुत्रं, ते कंटाळून स्वतःच उठलं. सगळी गल्ली मी उलटी पार केली, कुठे न घासता, आणि कोपऱ्यावर गाडी बाजूला लावून त्या मुलाला वाट दिली. इतका अभिमान मला पदवी मिळाली तेव्हाही वाटला नव्हता.

तो मुलगा शेजारून निघून गेला. आमच्याकडे त्यानं साधं बघितलंही नाही, हात वर करणं तर दूरच, आणि इंडिकेटर न देता डावीकडे वळायला लागला.

बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कमालीच्या नम्र आवाजात ओरडले, "आभारी आहोत!"

त्या मुलानं एका कानातला इअरफोन काढला, काच खाली केली आणि मागे न बघताच म्हणाला, "असू द्या, असू द्या."